दरी, डोंगर आणि बहुधा

रोज एकाच वाटेनं चालणाऱ्याच्या पँटीला कुसळं चिकटतात, तसेच किस्सेही. कधी चिकटले ते कळत नाही. घरी येऊन खुर्चीत बसलं की टोचायला लागतात. जव्हारच्या पठाराच्या कडेनं जाणाऱ्या आमच्या पायवाटेनं मला असे पुष्कळ दिलेत. काही मी पाहिले, काही धुक्यात नुसते ऐकले. एखादा तर इतका लख्ख आठवतो, की तो खरंच घडला ना, अशी शंका येते. पण शंका हा माझा धंदाच. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त होऊन गावी परतलो.

वाट अशी की एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे दोन माणसं गप्पा मारत जातील एवढी जागा. सकाळी आम्ही तिघं असतो. मी, तहसील कचेरीत कारकुनी केलेले भोईरभाऊ आणि प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गावित गुरुजी. समोरून सायकली येतात. त्यातली एक मंदाताईंची. त्या अंगणवाडी सेविका. राहतात वाटेच्या पलीकडच्या गावात, अंगणवाडी अलीकडच्या पाड्यावर.

* * *

माणसं आणि सायकली एकमेकांवर यायला लागल्या तेव्हा आम्ही बोर्ड लावायचं ठरवलं. मजकूर माझा. 'चालणाऱ्यांनी डावीकडून चालावे. सायकलस्वारांनी उजवीकडून जावे.' किती सुटसुटीत! मी तो रात्रभर मनात तपासला होता.

पहिल्याच सकाळी आम्ही तिघं शिस्तीत आमच्या डावीकडून, म्हणजे दरीच्या कडेनं निघालो. समोरून तीन सायकली तितक्याच शिस्तीत त्यांच्या उजवीकडून आल्या. म्हणजे दरीच्याच कडेनं!

सगळे थांबले. कोणीच चुकलं नव्हतं, त्यामुळे कोणीच हलेना. शेवटी गुरुजी हळूच म्हणाले, "सर, बोर्ड अगदी बरोबर आहे. फक्त समोरून कोणी येता कामा नये."

* * *

पुढचा नियम मात्र कोणी केलाच नाही. तो भोईरभाऊंच्या तोंडून निसटला.

श्रावणातलं धुकं. आपलाच हात आपल्याला परका वाटावा असं. समोरून सायकलचा खडखडाट आला. भाऊ दरीच्या कडेला अंग चोरून उभे राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "दरी! दरी! दरी!" त्यांना म्हणायचं होतं की मी दरीत पडतोय. सायकलवरच्या मंदाताईंना वाटलं, भाऊ आपली जागा सांगताहेत. त्या डोंगराच्या अंगानं निघून गेल्या, आणि जाताजाता म्हणाल्या, "असं सांगत जावा ना रोज. लय बरं पडतं!"

तेव्हापासून रीत पडली. सायकलवाल्यानं धुक्यात "कुठंऽ?" अशी हाक द्यायची आणि चालणाऱ्यानं "दरी!" किंवा "डोंगर!" म्हणायचं. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, दरी कुठं जाते? भाऊ आता हा नियम आपण विचारपूर्वक काढला असं सांगतात.

* * *

या रीतीत घोटाळा फक्त एकाच माणसाचा होतो.

"कुठंऽ?" अशी मंदाताईंची हाक आली.

मी थांबलो. वळणावर उभा होतो. ज्याला आपण दरी म्हणतो ती इथून नेमकी सुरू होते का, हा प्रश्नच होता. खोटं बोलून कोणाचा अपघात व्हायला नको. मी प्रामाणिकपणे ओरडलो, "बहुधा दरी!"

धुक्यात ब्रेक करकरला. मग शांत आवाज आला. "सर, तुमचा विचार होऊ द्या. तोवर मी खाली उतरून उभी राहते."

तेव्हापासून वाटेवर माझं नाव 'बहुधा सर'.

* * *

गुरुजींनी वेगळाच मार्ग काढला. आठवडी बाजारातून सायकलची घंटी आणली आणि काठीला बांधली! धुक्यात घंटी वाजली की सायकलवाले खाली उतरून गवतात उभे राहायचे. बराच वेळ काहीच यायचं नाही. नुसती ट्रिंग, पांढरा शुकशुकाट, पुन्हा ट्रिंग. मग ढगातून उतरल्यासारखे गुरुजी प्रकट व्हायचे, सावकाश एकेक पाऊल टाकत, हात वर करून.

"चालू द्या, चालू द्या!"

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एकदा निसरड्या वळणावर एका पोराची सायकल घसरली आणि भोईरभाऊ फुललेल्या तेरड्यात जाऊन बसले. फुलांत पडूनही माणूस इतका चिडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"आता दांडा!" भाऊ म्हणाले. वाटेच्या अलीकडच्या तोंडाशी लोखंडी दांडा आडवा बसवायचा. कडेला फट ठेवायची, त्यातून माणूस तिरका होऊन जाईल, सायकल जाणार नाही. भाच्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून दांडा आलासुद्धा, गवतात पडून राहिला. "सर शिकलेले आहेत. सर हो म्हणाले की बसवू."

मंदाताईंना कळलं. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बसवा. मी सडकेनं येईन. मोखाड्याची जीप भरल्याबिगर सुटत नाय, एवढंच. पोरां ताटली घेऊन दारात बसतील. बसायची सवय होईल त्यांना."

मला सायकलींची भीती वाटते, हे खरं. त्या ताटल्याही दिसत होत्या. मी विचाराला वेळ मागितला. रोज मागत होतो.

* * *

शेवटी भाऊ म्हणाले, "सर, आज परत याल तेव्हा उत्तर घेऊन या. आम्ही तोवर दांडा आडवा धरून माप घेतो."

मी एकटाच पुढं गेलो. धुकं दरीतून वर चढलं, मग डोंगरावरून खाली उतरलं आणि माझ्यापाशी दोन्ही भेटली. गुडघा धरला म्हणून दगडावर बसलो. उठलो तर दरी कुठली आणि डोंगर कुठला, काहीच कळेना. पायाखालची जमीन तेवढी माझी, बाकी सगळं कापूस.

"कुठंऽ?"

मला 'बहुधा'सुद्धा म्हणता येईना.

सायकल जवळ येऊन थांबली. "सर? आज उत्तर नाय?"

"कळत नाहीये हो."

"मग बसा मागं. उतार हाय, पायडल मारायचं काय नाय. लाजता कशाला तं?"

मी कॅरिअरवर बसलो. पाय जमिनीला लागत नव्हते, जमीन दिसतही नव्हती. कुठूनतरी ओल्या पानांचा वास आला आणि मागं राहिला. भीती वाटायला हवी होती. मी तिची वाट पाहत होतो, पण ती आलीच नाही.

"सर," मंदाताई हळूच म्हणाल्या, "ब्रेक ओला हाय. दोघांचं वजन ऐकत नाय." आणि पुढं हाक दिली, "कुठंऽ?"

समोरून भोईरभाऊंचा आवाज आला, "दरी!"

लगेच गुरुजींचा, "डोंगर!"

एक दरीला, एक डोंगराला. आणि दोघं माप घेताहेत. म्हणजे मधे दांडा! जन्मात पहिल्यांदा माझा निष्कर्ष वेळेवर निघाला.

"भोईर!" मी ओरडलो. "दांडा वर! वर उचला!"

डोक्यावरून काहीतरी काळं सरकलं, मानेवर गार थेंब पडले आणि आम्ही पलीकडे गेलो.

 मागून धुक्यातून भाऊंची घाबरी हाक आली, "सर! अहो सर! तुम्ही कुठं?"

"सायकलवर!"