ऊस हलतोय, वारं न्हाई

"तू खाली थांब. तुला मशीन कळतं न्हवं? कर्णा बघ," पाटील म्हणाले.

पासष्टच्या लढाईनंतरची माझी पहिली रजा होती. उंब्रजजवळच्या आमच्या गावाने जवानांचा सत्कार ठेवला होता. दवंडीत 'जवानांचा' असं अनेकवचन होतं. दवंडी माझ्याच चुलत्याने दिली होती. गावातून लढाईवर गेलेले दोघेच, मी आणि पाटलांचा धाकटा मुलगा. दोन बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर पाटील, सरपंच, हेडमास्तर आणि तो. मी इस्त्रीच्या वर्दीत गाडीच्या चाकापाशी, कर्ण्याच्या बॅटरीशेजारी उकिडवा.

छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो. गावाने त्याची दखल घेतली नव्हती.

हार त्याच्या गळ्यात पडला तेव्हा मला हेवा वाटला. याहून सौम्य शब्द मी वापरणार नाही. झेंडूचा तो जाड हार, बायकांमधून त्याच्यावर खिळलेली त्याच्या आईची नजर, खांद्यावर हेडमास्तरांचा हात. सगळं मला हवं होतं. माझी आई बायकांच्याही मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिला चाकामुळे मी दिसतही नव्हतो.

हेवा लढाईतही होता. आम्ही एकाच तुकडीत वायरलेसवर होतो, हुद्दा एकच. मी सेट पाठीवर घेऊन पुढच्या कंपनीबरोबर. तो मागे, मुख्यालयाच्या खंदकात, टेबलाशी. त्याने बटण दाबलं की त्याच्या आवाजामागे चहाच्या मगांचा खणखणाट ऐकू यायचा. माझ्या तोंडात माती असायची.

काम साधं होतं. समोर जे दिसेल ते मी सांगायचं. त्याने लिहून घ्यायचं आणि शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा. चुकला तर मी 'राँग' म्हणायचं आणि पुन्हा सांगायचं. गावात तो मला 'अरं' म्हणायचा आणि मी त्याला 'आवं धाकलं पाटील'. सेटवर नावं नसतात. आडनावं तर नाहीतच.

पंजाबात एका सकाळी समोर उसाचा फड होता, डोक्याच्या वर गेलेला. हवा पडलेली. पान हलत नव्हतं. आणि फडाच्या मधोमध शेंडे हलायला लागले. एका रेषेत. आमच्या दिशेने.

रिपोर्ट हिंदीत द्यायचा असतो, ठरलेल्या क्रमाने. शत्रू कुठे, किती, काय करतो. मला हिंदी आठवेना. तोंडातून गाव बाहेर पडलं.

"ऊस हलतोय गड्या, वारं न्हाई!"

दुसऱ्या कुणाला ते उलगडायला वेळ लागला असता. त्याचा आवाज लगेच आला.

"ऊस हलतोय, वारं न्हाई. रणगाडं हायत. ठिकान सांग गड्या, लौकर!"

मी ठिकाण सांगितलं. त्याने परत म्हणून दाखवलं. आमच्या तोफा सुरू झाल्या. फडातून काळा धूर वर आला.

गड्या. पाटलांच्या घरातून आमच्या वस्तीकडे हा शब्द कधी आला नव्हता. आमच्याकडून तिकडे जायचा तर प्रश्नच नव्हता.

आता तो माइकसमोर सांगत होता. "समोर सगळा ऊस. मी बघितलं. मी म्हनलो, ऊस हलतोय, वारं न्हाई!"

टाळ्या पडल्या. माझं वाक्य माझ्या हाताखालच्या बॅटरीवर, कर्ण्यातून गावभर गेलं. पुढे 'मी' लावून. त्याचा 'मी'.

वायर माझ्या बोटांत होती. ओढली असती तर तो गप्प झाला असता. तेवढ्याने माझं भागणार नव्हतं. मी उभा राहिलो.

"राँग!" मी ओरडलो.

तो थांबला. सवयीने थांबला.

"निरोप म्या पाठवला. ह्यो मागं हुता, ह्यानं लिवून घेतला. आन् म्या म्हनलं हुतं, ऊस हलतोय गड्या, वारं न्हाई."

रणगाड्यांचं कुणाला काही वाटलं नाही. गर्दीने एकच शब्द धरला.

"कुनाला गड्या म्हंतुयास रं?" मागून एकजण.

"वर्दी लय अंगात आली म्हनायची!" दुसरा. हशा पिकला.

पाटलांनी मुलाकडे पाहिलं. "ह्यो तुला गड्या म्हनला?"

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने नुसती मान डोलावली असती तर हार, खुर्ची, टाळ्या, सगळं मी त्याला सोडून दिलं असतं.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "मला असं कोन म्हनंल?"

आई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने माझी बाही धरली. ती पाटलांच्या रानात भांगलायला जायची. "चुकलं म्हन लेकरा. पाया पड त्येंच्या. मला कामावर कोन घील?"

"चुकलं न्हाई, आई," मी म्हणालो. पाया पडलो नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला पाटलांच्या रानातून बोलावणं आलं नाही.

रजा संपली तेव्हा उंब्रजच्या एस.टी. स्टँडवर तो भेटला. त्याला पोचवायला आलेली गावची माणसं जरा लांब उभी होती. तो माझ्याजवळ आला आणि तोंड दुसरीकडे ठेवून हळू बोलला.

"सोड की गड्या. आबांम्होरं काय बोलायचं? तिकडं गेल्यावर हायच की आपुन."

"तिकडं न्हाई," मी म्हणालो. "हितं म्हन. मोठ्यांदा."

त्याने गावच्या माणसांकडे पाहिलं. मग एस.टी. येते का ते बघू लागला.

पुढे आम्ही पुन्हा एकाच तुकडीत काम केलं. मी त्याला ठिकाण दिलं, आकडे दिले, ओव्हर म्हटलं. त्यापलीकडे एक शब्द दिला नाही. खंदकात तो दोनदा चहा घेऊन आला. मी घेतला नाही.

हेवा गेला नाही. मी तो घालवणारही नाही. तो गेला तर मिळेल तेवढ्यावर माझं समाधान होईल, आणि तेच गावाला हवं आहे. त्याला जे मिळतं ते मला पाहिजे. गावात, दिवसाढवळ्या, त्याच्या बापासमोर. कानात दिलेलं मी घेणार नाही.