पाहुणे येणार म्हणून सिल्वासा

माणसं देवदर्शनाला जातात, हवापालटाला जातात. मला सिल्वासाला पाठवलं ते धाकट्या बहिणीला पाहायला मुलाकडचे येणार होते म्हणून. माझ्या ओठांभोवती, उजव्या डोळ्याखाली आणि दोन्ही हातांवर कोड आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. "चार दिवस आत्याकडे जाऊन ये, वंदना. तुलाही बरं वाटेल," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पिशवीत लाडवांचा डबा भरू लागली. मी निमूट निघाले.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो चैत्र. नाशिकहून निघालेली एसटी पेठचा घाट उतरून कपराड्याकडे लागली. सागाची पानगळ झालेली, डोंगर उघडे पडलेले. शेजारी बसलेल्या बाईंनी माझा हात पाहिला आणि त्या उठल्या. दुसरी जागा नव्हती. वापीपर्यंत त्या उभ्यानेच आल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि पदर हातावर ओढून घेतला.

वापीला बस बदलली. पुढचा रस्ता म्हणजे कारखान्यांच्या भिंती, मधूनच आंब्याची झाडं, पुन्हा भिंती. सुमनआत्या सिल्वासाच्या सरकारी शाळेत शिकवायची आणि जवळच सामरवरणीला दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने मायेने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, भाजलेला नागलीचा पापड. तेवढ्यात घरमालकीण डोकावली. माझ्याकडे पाहून तिने काहीतरी विचारलं, तशी आत्या मोडक्या गुजरातीत म्हणाली, "स्टवथी दाझी गई." (स्टोव्हने भाजली.)

ती गेल्यावर मी विचारलं, "आत्या, खोटं का सांगितलंस?"

"भाजलेल्या माणसाची दया येते गं. कोडाची येत नाही."

मी ताट बाजूला सारलं.

शेजारच्या खोलीत कल्पना राहायची. साक्रीकडची, विशीतली, काळीसावळी, मोठ्याने हसणारी. गलोंड्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथे काय बनतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "गोरं व्हायची क्रीम, ताई. दिवसभर डबे भरतो आम्ही. मी लावून पाहिली. आठ दिवस तोंड जळत होतं."

ती हसली. मग तिने माझ्या डोळ्याखालच्या डागावर सरळ बोट ठेवलं. "दुखस का?" (दुखतं का?)

"नाही."

"मंग झाकीसन काय फायदा?" (मग झाकून काय फायदा?)

डॉक्टर सोडले तर त्या डागाला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ती मला मोह वेचायला घेऊन गेली. तिच्या पॅकिंगच्या लाईनवरच्या एका वारली मैत्रिणीची झाडं वासोण्यापुढच्या रानात होती. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली होती, आणि त्या काळ्या राखेवर मोहाची पिवळसर, रसाळ फुलं टपटप पडत होती. वास गोड, थोडा आंबूस. बोटं चिकट झाली. घामाने डागांवरची पावडर ओघळली, ती मी पुन्हा लावली नाही.

टोपली भरल्यावर थोडं वर चढलो. तिथे निष्पर्ण कांडोळ उभा होता. पांढरं गुळगुळीत खोड, सालीचे पापुद्रे सुटलेले, खाली गुलाबी-तांबूस चट्टे. मी त्याला टेकून बसले. माझा हात खोडावर होता आणि मी दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा हात चांगला वाटला. आणि लगेच संताप आला. या झाडाला कुणी चार दिवस दुसरीकडे जा म्हणून सांगत नाही.

मी का आलेय, ते कल्पनाला सांगितलं. तिने बोटांवरचा चिकट रस ओढणीला पुसला. मग म्हणाली, "आमच्याकडे बाहेरची पार्टी कारखाना बघायला आली, की सुपरवायझर गोऱ्या पोरींना लाईनवर ठेवतो. मला गोडाऊनमध्ये पाठवतो. डबे मात्र माझ्याच हातचे."

परतायला ऊन चढलं. कोडाला ऊन फार बाधतं, हे मी विसरले होते. हात लालबुंद झाले, त्यांची आग होऊ लागली. कल्पनाने आपली ओढणी भिजवून माझ्या हातांवर गुंडाळली. उन्हासाठी झाकणं आणि लोकांसाठी झाकणं यांत किती अंतर आहे, ते मला त्या पायवाटेवर कळलं.

दोन दिवसांनी वडिलांचं पत्र आलं. बहिणीचं जमलं होतं, रविवारी साखरपुडा. खाली एक ओळ होती, 'लग्न होईपर्यंत तू तिकडेच राहावंस, असं सर्वांचं मत आहे.' सर्वांचं म्हणजे कुणाचं? मला तर कुणी विचारलं नव्हतं. आत्या म्हणाली, "जाऊ नकोस, तमाशा होईल." मी शनिवारचीच गाडी धरली. रात्रीचा मुक्काम नाशिकला एका मैत्रिणीकडे केला आणि रविवारी घरी गेले, तोंडाला पावडर न लावता.

बैठकीत पाहुणे बसले होते. मुलाच्या आईने विचारलं, "या कोण?"

वडील म्हणाले, "या... शेजारच्या."

"मी थोरली बहीण," मी म्हणाले. "वंदना."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "तुम्ही तर एकच मुलगी आहे म्हणून सांगितलं होतंत."

साखरपुडा त्या दिवशी झाला नाही. पंधरा दिवसांनी, कोड पुढच्या पिढीत उतरतं का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून, ते पुन्हा आले आणि लग्न पार पडलं. आई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बहीण मात्र सासरी जाताना माझा हात सोडेना. "मला सांगायचं होतं गं त्यांना," ती म्हणाली, "धीर झाला नाही."

रानात जाऊन मन शांत होतं, असं म्हणतात. माझं झालं नाही. इतकी वर्षं मी लाजत होते, आणि लाजायला हवं होतं दुसऱ्यांनी, एवढं मात्र तिथे कळलं. ती लाज मी ज्याची त्याला परत करून आले.