सीटवरचा मोर

सोलापुरात भवानी पेठेच्या टोकाला अण्णाराव मालकांचं कापसाचं गोडाऊन. कापूस गेला, गोडाऊन मोकळं पडलं, तवा मालकांनी त्यात शर्यतीच्या गाड्या आणून लावल्या. तरणेपणी ते स्वतः गाड्या पळवायचे. गुडघे गेले तशी हौस गाड्या जमवण्यावर आली. रविवारी दार उघडं, कुणीबी या, बघा. दारावर 'शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय' अशी पाटी होती, पण एवढं लांबडं पेठेत कोण बोलतंय? लोक 'गाड्यांचं देऊळ' म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून आत यायचे.

आत पुसायला, राखायला आणि दाखवायला गुरुसिद्धप्पा. आधी मालकांच्या गिरणीत तेलपाणी करायचा. अंगानं काटकुळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात शब्द मोजका. असल्या मुक्या माणसाला दाखवायच्या कामावर लावलं म्हणून गिरणीतले लोक हसले. पण त्याचं भागलं. बघणारे फिरून फिरून तेच विचारायचे.

"किती पळती वो ही?"

"लई."

"पेट्रोल किती पिती?"

"लई."

एक टांगेवाला दर रविवारी यायचा आणि लाल मोटारीच्या भवती फिरून म्हणायचा, "चाचा, मेरा घोडा मरेतलक चलता. ये जिंदी रहके खाली खडीच है." कुणी बाई पोराचं डोकं बॉनेटवर टेकवायची. कुणी नारळ फोडायची. खोबरं गुरुसिद्धप्पाच वाटायचा.

सगळ्यात दाट गर्दी शेवटच्या खांबापाशी. तितं एक मोटरसायकल होती. टाकी आत दबलेली, हँडल मुरगाळलेलं. माळावरच्या शर्यतीत तिच्यावरचा पोरगा जागच्या जागी गेला होता, आणि मालकांनी ती होती तशी ठेवली होती. तो पोरगा म्हंजे गुरुसिद्धप्पाचा थोरला, चन्नप्पा.

हे मालकांना ठावं, गुरुसिद्धप्पाला ठावं. पेठेत तिसऱ्याला न्हाय, कारण त्याचं घर लांब होटगीच्या अंगाला. मालकांनी एकदा विचारलं होतं, "ही झाकून ठेवू का रे?"

"असू द्या की," तो म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. पोरगा गेल्यापासून कशाचंच वाटत नव्हतं. भाकरी खायचा, पण ती शिळी का ताजी हे विचारलं तर सांगता आलं नसतं.

घरी मात्र बसव्वा होती. पोराला माती दिल्यावर तिनं अन्न सोडलं. एकच धरून बसली, "ती गाडी कुटं हाय? ती मोडा." शेवटी गुरुसिद्धप्पा म्हणाला, "मोडली. भंगारात गेली." तवा तिनं घास घेतला. मग हळूहळू बोलायला लागली, ज्वारी निवडायला लागली. तिला खरं कळू द्यायचं न्हाय, एवढी एकच गोष्ट त्याला जपायची होती. तीही गोडाऊनकडं फिरकत नसे. "जुनी लोखंडं बघून काय करू," म्हणायची.

शहात्तर सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते त्यानं धुवायचं, पुसायचं, पुजायचं. घरात विळा-कोयता, गिरणीत माग, हितं गाड्या. गुरुसिद्धप्पानं आदल्या दिवशी एकूण एक गाडी धुतली. शेवटच्या गाडीच्या सीटवर कापडी कव्हर होतं, तेलाधुळीनं काळं ठिक्कर. चन्नप्पानं ते जुन्या चादरीचं आईकडून शिवून घेतलं होतं. गुरुसिद्धप्पानं ते काढलं, दगडावर साबणानं घासलं, वाळवलं आणि परत चढवलं. धुवायचं म्हंजे सगळं धुवायचं. सोलापुरी चादरीच्या काठाचा मोर हिरवापिवळा वर आला. त्यानं बघितला आणि पुढच्या कामाला लागला.

सकाळी प्रत्येक गाडीच्या दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढत तो शेवटच्या गाडीवर आला. तिलाही ओढले. गर्दी जमली. त्यातनं घराशेजारची कमलम्मा येताना दिसली आणि तिच्या मागं हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसव्वा.

"आवं," बसव्वा म्हणाली, "ही म्हनली, नवरा कुटं राबतो ते एकदा तरी बघ."

"ये की." त्यानं लाल मोटार दाखवली, दुसरी दाखवली. "हितनंच फिरा मागं. पुढं मोडकं हाय सगळं."

"मग समदी तिकडंच का पळत्यात?" कमलम्मा म्हणाली आणि बसव्वाला ओढत खांबापाशी गेली.

तितं एक टोपीवाला मास्तर उभा होता. त्यानं मागनं आलेल्या गुरुसिद्धप्पाला गाठलं. "ह्याच्यावरचा मुलगा कुठला हो? आपल्या सोलापूरचा?"

हा सवालही दर रविवारचा. जबाब जिभेवर तयार होता, तो आपसूक पडला.

"बाहेरचा."

"आई-बाप?"

"म्हाईत न्हाय."

बसव्वा सीटकडं बघत होती. कव्हर शिवताना मोराच्या मानेपाशी तिचा हिरवा दोरा संपला होता, म्हणून तिनं तिथं तांबडा वापरला होता. तिनं त्या तांबड्या टाक्यावर बोट ठेवलं. मग दबलेल्या टाकीला हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. रडली न्हाय. कमलम्मा लाल मोटारीकडं चल म्हणाली, तशी गेली.

दिवेलागणीला तिनं त्याला वाढलं.

"भंगारात न्हाय गेली म्हंजे."

"न्हाय."

"आन पोरगा बाहेरचा."

त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"खावा. निवतंय," ती म्हणाली, आणि आपलं ताट ओढून त्याच्यासमोर जेवायला बसली.

पुढच्या रविवारी ती त्याच्याबरोबरच निघाली. शेवटच्या खांबापाशी पोतं टाकून बसली. कुणी विचारलं, पोरगा कुठला, की मान वर न करता म्हणायची, "आमचा व्हता. चन्नप्पा." लोक जरा उभे राहायचे, खाली बघायचे आणि चपला शोधत बाहेर पडायचे. महिन्याभरात तिकडची गर्दी आटली.

गुरुसिद्धप्पा लाल मोटार पुसत असायचा.

"किती पळती वो ही?"

"लई."