आयव्ही टॉर्डॉफची कांद्याची रोपं

हिवाळी कांद्याचं रोप हवं असेल तर आयव्ही टॉर्डॉफकडे जायचं, हे आमच्या हॉल्डनशॉत कुणाला शिकवावं लागत नसे. टेकडीच्या उतारावर, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीमागे नगरपालिकेने भाड्याने दिलेले भाजीचे तुकडे आहेत. ज्याचा त्याचा तुकडा, ज्याचं त्याचं खोपटं, आणि नळ मात्र फाटकाशी एकच. माझा तुकडा आयव्हीच्या बांधाला लागून होता. ती गिरणीत धागा जोडायचं काम करून निवृत्त झालेली, ठेंगणी, बोलायला तुटक बाई. नवरा स्टॅन्ली छातीच्या विकाराने गेला. मुलगा ऑस्ट्रेलियात जाऊन तिकडचाच झाला.

वसंतात कांदा सगळेच लावतात. हिवाळ्यातल्या कांद्याला मात्र धीर लागतो. ऑगस्टमध्ये बी टाकायचं, ऑक्टोबरमध्ये रोपं उपटून वाफ्यात लावायची, आणि मग पाऊस, बर्फ, वारा यांच्या हवाली करायची. कडाक्याच्या थंडीत माती गोठून फुगते आणि रोपं मुळासकट वर ढकलते. सकाळी जाऊन एकेक रोप बोटाने परत दाबावं लागतं. बोटं बधिर होतात. पण जूनमध्ये, घरातला जुना कांदा कोंब फुटून मऊ पडलेला असताना, ताजा कांदा हातात येतो.

आयव्ही सगळ्यांना पुरेल एवढं रोप करायची. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी ती खोपट्यासमोर टेबल मांडायची, ओल्या वर्तमानपत्रात रोपांच्या जुड्या गुंडाळून ठेवायची. चहा असायचा, आल्याचा चिकट केक असायचा. माणसं यायची, पात हातात घेऊन वाहवा करायची. एरवी तिच्याकडे वर्षभर कुणी फिरकत नसे. त्या रविवारी ती केसांना पिना लावून, बरा कोट घालून यायची.

त्या वर्षी जूनमध्ये तिने कांदे काढले, तेव्हा एका कोपऱ्यातले काही कांदे बुडाशी सडलेले निघाले. मुळांवर कापसासारखी पांढरी बुरशी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मी धूर पाहिला, जळक्या कांद्याचा वास आला, म्हणून विचारलं, “काय जाळतेस गं?”

“कचरा,” ती म्हणाली. “ओलाव्याने कुजलाय सगळा.”

ऑगस्टमध्ये तिने बी टाकलं ते त्याच कोपऱ्यातल्या वाफ्यात. ऑक्टोबरचा रविवार नेहमीसारखाच झाला. पेट्रोही त्या दिवशी आला होता.

पेट्रो हा युक्रेनचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथे आला आणि गिरणीतच राबला. वरच्या टोकाचा तुकडा त्याचा. तो लसूण लावायचा, आणि लसणाच्या पाकळ्या लांबच्या गावातल्या आपल्या देशबांधवाकडून आणायचा. त्याचं इंग्रजी शेवटपर्यंत अडखळतच राहिलं. लोक त्याच्याशी वाईट वागत नसत. बोलतही फारसे नसत.

एप्रिलमध्ये ऊन लागलं आणि कांद्याच्या पाती पिवळ्या पडायला लागल्या. आधी इथे, मग तिथे, मग सगळीकडे. आमच्या समितीचा प्रमुख वॉल्टर सगडन याने एक रोप ओढलं, तर ते विनासायास हातात आलं. बुडाला पांढरा कापूस, आणि त्यात खसखशीएवढे काळे दाणे.

“पांढरी कूज,” वॉल्टर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “संपलं. हे दाणे मातीत पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात. आता कांदा नाही, लसूण नाही, काही नाही.”

“पण आली कुठून?” कुणीतरी विचारलं.

माना वरच्या टोकाकडे वळल्या. बोलायची गरजच पडली नाही. परक्या गावातल्या लसणाच्या पाकळ्या कोण आणतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बोलणंही सुरू झालं. “मी म्हणतच होतो, त्याच्या त्या पाकळ्यांचा काही भरवसा नाही.” “त्याला काय, त्याची माती थोडीच आहे ही!” एकाने पेट्रोच्या खोपट्याची काच फोडली. दुसऱ्याने सडके कांदे त्याच्या दारात ओतले. पेट्रो वॉल्टरकडे गेला आणि म्हणाला, “माझा लसूण चांगला आहे. या, बघा.” वॉल्टर म्हणाला, “आता बघून काय करायचंय, बाबा? लोक चिडलेत. तू तुकडा सोडलास तर सगळ्यांनाच बरं पडेल.”

पेट्रोने वाद घातला नाही. त्याने खोपट्याच्या फळ्या सोडवल्या, हातगाडीवर घातल्या आणि फाटकाची किल्ली वॉल्टरच्या हातात दिली. आयव्ही तेव्हा आपल्या तुकड्यात बटाट्याला माती चढवत होती. हातगाडी तिच्या समोरून गेली. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, तिलाही त्याचा राग आला असेल.

त्यानंतर ती खाईना. मी सूप घेऊन गेले तर ते तसंच भांड्यात आंबलं. मे महिन्याच्या बैठकीला ती आली तेव्हा कोट अंगावर लोंबत होता. बुटांच्या मातीतून कूज पसरू नये म्हणून फाटकापाशी औषधाने बूट धुवायची सोय करायची का, यावर चर्चा चालली होती. आयव्ही मध्येच उभी राहिली.

“ती माझ्याकडून आली,” ती म्हणाली.

“काय आली तुझ्याकडून?” वॉल्टर वैतागून म्हणाला.

“कूज. गेल्या जूनमध्येच माझ्या वाफ्यात होती. मी जाळली, आणि त्याच मातीत रोपं केली. तुम्हाला दिली.”



“तुला ओळखता आली नसेल, आयव्ही,” वॉल्टर सावरून घेत म्हणाला.

“आली होती. स्टॅन्लीच्या वडिलांच्या बागेत बघितली होती मी. स्वतःला सांगत राहिले, नसेल, ओलावा असेल.” ती थांबली. “रोपं नाहीत म्हटलं असतं, तर तुम्ही आलाच नसता.”

“आणि त्या पेट्रोला आम्ही...” मागून एकजण बोलला.

“बघत होते मी. सगळं बघत होते.”

दुसऱ्या दिवशी ती पेट्रोच्या घरी निघाली. एकटीला धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले. त्याने दार उघडलं, आत बोलावलं, खुर्च्या पुसून दिल्या. आयव्हीने उभ्यानेच सगळं सांगितलं. माफी मागितली.

पेट्रोने खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या फरसबंद अंगणात त्याने बादल्यांत माती भरून काहीतरी लावलं होतं.

“तुम्ही सांगितलंत, चांगलं केलंत,” तो म्हणाला. “पण मी परत येणार नाही.”

“मी वॉल्टरशी बोलते. तो स्वतः येईल, तुमच्याकडे—”

“बाई, तुमचा कांदा आजारी होता, ते मला समजतं. माझाही आजारी पडला असता. पण इतकी वर्षं मी इथे आहे. एकही माणूस माझ्याकडे आला नाही आणि म्हणाला नाही, ‘पेट्रो, खरं काय ते तू सांग.’ एकही नाही. ते काही तुमच्या कांद्यामुळे झालं नाही.”

परत येताना आयव्ही चढावर दोनदा भिंतीला टेकली.

वॉल्टर त्याच्याकडे कधीच गेला नाही. कुणीच गेलं नाही. पेट्रोवर ओरडले होते ती माणसं आता आयव्हीवर जास्त चिडली. कूज आणली म्हणून तर होतंच, पण आपण किती हलके वागलो ते तिने आपल्याला दाखवून दिलं, याचा राग मोठा होता, असं मला वाटतं. नळावर ती दिसली की माणसं बादली रिकामीच घेऊन परतायची. एकदा तिच्या समोरच वॉल्टरची बायको मला म्हणाली, “तुझं बरं आहे गं, नाक दाबून शेजार करतेस.” आयव्हीने ऐकलं आणि खुरपणी चालू ठेवली.

तिने तुकडा सोडला नाही. घेवडा लावला, बटाटे लावले. येताना नि जाताना नळाखाली बूट घासायची, भर हिवाळ्यात, हात लाल होईस्तोवर. “आता काय उपयोग त्याचा?” मी म्हणायचे. “उपयोग नाही,” ती म्हणायची, आणि घासायची.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये तो रविवार आला. तिने टेबल मांडलं नाही. खोपट्याच्या दारात बरा कोट घालून मात्र बसून राहिली. मी जाऊन बसले शेजारी. कुणी आलं नाही, आणि येण्यासारखं काही नव्हतंच.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. इस्पितळात ती फार दिवस राहिली नाही. मुलगा पोचला तो दफन झाल्यावर. दफनाला आम्ही मोजकी माणसं होतो. पेट्रो आला नव्हता. मी त्याला निरोप दिला होता. त्याने दारातच ऐकून घेतला, मान हलवली आणि दार लावलं.

आता तिच्या तुकड्यावर गवत आहे. वरच्या टोकाचा तुकडा एका तरुण जोडप्याने घेतलाय. परवा ती मुलगी मला विचारत होती, इथे कांदा का लावत नाहीत म्हणून. मी तोंड उघडायच्या आत पलीकडचा माणूस म्हणाला, “पूर्वी इथे कुणी परदेशी माणूस होता, त्याने बाहेरून रोग आणला.”

मी म्हटलं, “तसं नाही झालं. मी इथेच होते.” आणि सगळं सांगितलं. दोघांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. मग तो माणूस म्हणाला, “असेल. पण आम्ही तर असंच ऐकलंय.”