डाळ निवडायची जागा

काकूंच्या घरात भिंतीला खिळा चालत नसे. खोली दाखवायच्या आधी, माझं नाव-गाव विचारायच्याही आधी त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं, "पाणी दोन टाइम येते. गाडी आत लावता येते. पाहुणे आले त मले काही नाही. पण भिंतीले खिळा नाही लागला पाहिजे. एकबी नाही." मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "फोटो लावत नाही? घड्याळ? देवाचं कॅलेंडर?" तिन्हींना मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी कमरेची किल्ली काढली.

त्यामुळे अमरावतीच्या त्या घरात माझं बिऱ्हाड जरा विचित्रच दिसायचं. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकलेलं. घड्याळ फ्रिजच्या डोक्यावर बसलेलं. आरसा फळीवर टेकवलेला, म्हणून वेणी घालताना मी रोज गुडघ्यांत वाकायची. गल्लीत त्यांना 'बिनखिळ्याच्या काकू' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

खिळ्यावर एवढा राग का, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तो सगळा भाग पूर्वी शेतांचा. खाली काळीभोर माती. पावसात फुगणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणार. तिच्यावर बांधलेल्या घरांना तडे जातात, गल्लीतल्या प्रत्येक घराला गेलेले होते. काकूंच्या घराला नव्हते. काका तेव्हा नोकरीनिमित्त परगावी असायचे, म्हणून बांधकामावर काकू स्वतः उभ्या राहिल्या. पाया कंबरभर जास्त खणायला लावला, मुरूम भरून घेतला, आणि भिंतींवर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातांनी पाणी मारलं. "मिस्त्री म्हणे, सात दिवस पुरे. मी म्हटलं, घर तुह्यं हाये का माह्यं?" हे सांगताना त्या भिंतीवरून तळवा फिरवायच्या. काका गेल्यावर, मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर, त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि त्या ते मनापासून मिरवत.

आता माझ्याविषयी. मी अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडची, ज्युनिअर कॉलेजात कंत्राटावर मराठी शिकवणारी. काहीही पूर्ण न करणारी मुलगी म्हणून मी घरात प्रसिद्ध होते. अर्धा स्वेटर, अर्धं संगीत, अर्धं ड्रायव्हिंग, असा माझा लौकिक. तशीच एक कादंबरी तीन वर्षांपासून अर्धी पडली होती. तिची दोन प्रकरणं एका प्रकाशकांना आवडली आणि त्यांनी कळवलं, "जूनअखेर पूर्ण आली तर यंदाच काढू. नाही तर पुढे बघू." 'पुढे बघू'चा अर्थ मला पुरता कळत होता. हीही अर्धी राहिली असती तर मी स्वतःलाच पुन्हा कधी खरं मानलं नसतं. ही खोली मी त्यासाठीच घेतली होती.

लिहायला आधी जागा हवी, प्रसन्न हवी, प्रेरणा देणारी हवी, असं मोबाइलवरचे व्हिडिओ मला सांगत होते. मी लागलीच कामाला लागले. माळ्याखालच्या कोपऱ्यात घडीचं टेबल लावलं, पिवळ्या दिव्यांची माळ सोडली, एक मनी प्लांट आणला, आणि खिळा चालत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने सुविचार लावले. दुसऱ्या दिवशी काकू डोकावल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"काय वं, गणपती बसवून राहिली का?"

"लिहायची जागा हाये काकू."

"मंग लिहलं का काही?"

दिवसभरात मी मनी प्लांटची जागा चार वेळा बदलली होती. कादंबरीत एक ओळ वाढली नव्हती.

त्या रविवारी सकाळी काकू हातात सूप घेऊन आल्या. सुपात तुरीची डाळ. त्या थेट माळ्याखालच्या कोपऱ्यात बसल्या आणि डाळ निवडू लागल्या. पाच मिनिटांनी उठल्या, दाराजवळ बसल्या. मग पलंगाच्या पायथ्याशी. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. दुपारी परत आल्या, पुन्हा तीच प्रदक्षिणा. चार वाजता तिसऱ्यांदा. शेवटी उत्तरेच्या खिडकीजवळ त्यांनी चांगली मांडी ठोकली, अर्धं सूप डाळ तिथेच संपवली आणि निकाल दिला, "इथं बस. इथं चष्म्याबिगर खडा दिसते. ऊन अंगावर येत नाही. अन् दारात कोण आलं ते दिसत नाही, म्हणून मान वर होत नाही. जथी डाळ निवडता येते, तथी कोणतंबी बारीक काम होते."

काकूंचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. लग्न करून आल्यावर सासरच्या घरात स्वतःची जागा त्यांनी अशीच शोधली होती म्हणे. मी घडीचं टेबल उचलून तिथे नेऊ लागले तर म्हणाल्या, "ते लंगडं राहू दे." बांधकामाच्या वेळचं एक सागवानी दार जास्तीचं उरलं होतं. ते आम्ही दोघींनी ओढत आणलं आणि गव्हाच्या दोन बुटक्या पत्र्याच्या कोठ्यांवर आडवं ठेवलं. कोठ्या काकूंच्या, गहू काकूंचा. त्यामुळे दळणाचा दिवस आला की मला कागद आवरावे लागायचे, आणि गहू संपत आला की टेबल हलायला लागायचं. दाराची पितळी कडी तशीच होती. लिहिताना अडले की मी ती खालीवर करत बसायची. शेजारच्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "कडी वाजून राहिली, म्हंजे आज गाडी अडली वाटते."

सुविचार मी स्वतःच काढून टाकले. दिव्यांची माळ काकूंनी मागून घेतली, तुळशीपाशी लावली. आणि खरोखरच, त्या जागेत बसलं की मन ठिकाणावर यायचं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. मी हाताने लिहिते, शाईच्या पेनाने. संध्याकाळी काकू विचारायच्या, "आज किती निवडलं?" मी पानं सांगायची. कमी असली तर त्या रागवायच्या नाहीत, पण चहात साखर कमी पडायची.

एकदा फार आग्रह केला म्हणून मी एक प्रकरण वाचून दाखवलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. माझ्या नायिकेचं दुःख ऐकून त्या गलबलल्या असाव्यात अशी माझी समजूत. डोळे उघडून म्हणाल्या, "ह्या घरात कोणी जेवतच नाही का वं? सकायपासून नुसते रडून राहिले. पोटात काही नसन त माणूस इतकं रडूच शकत नाही." मी चिडले. मग रात्रभर चिडून सकाळी पुन्हा वाचलं, तर एकशे दहा पानांत खरंच कोणी भाकर मोडली नव्हती. त्या दिवशी नायिकेने पहिल्यांदा चूल पेटवली आणि कादंबरी चालायला लागली. ती चूक एवढं शिकलेल्या माझ्या लक्षात आली नव्हती.

आमची मोठी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती दोघींची मिळून होती. आम्ही दोघी वऱ्हाडात जन्मलेल्या, इथलाच उन्हाळा खाऊन वाढलेल्या. तरीही जागा शोधली ती हिवाळ्यात, आणि कूलरचा विचार कोणालाच शिवला नाही! चैत्र लागला, ऊन पेटलं आणि काकू नव्या वाळ्याच्या ताट्या बसवलेला कूलर ओढत अंगणातून माझ्या खिडकीपर्यंत आल्या. तिथे आल्यावर थांबल्या. खोलीला खिडकी एकच, कूलर लागणार तिथेच, आणि खिडकीशी माझं टेबल. काकूंनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! हे त ध्यानातच नाही आलं."

कूलरशिवाय दुपारी त्या खोलीत चूल न पेटवता पोळी भाजली असती. कूलर लावला तर उजेड गेला, कागद उडू लागले, दमट हवेने शाई फुटू लागली. मी घडीचं टेबल पुन्हा माळ्याखाली लावलं, दिवा लावला. होईना. पहाटे अंगणात बसून पाहिलं, तर येणारा-जाणारा थांबून तब्येत विचारी. कॉलेजच्या ग्रंथालयाला सुट्टी लागलेली. शेवटी पुन्हा खिडकीशीच बसले, कागदांवर वाट्या उपड्या ठेवून. आणि एका दुपारी कूलरमधली पाण्याची नळी निसटली. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत वीस पानं भिजून निळी झाली होती. दुसरी प्रत नव्हती.

काकूंनी ती पानं गच्चीवर नेली. तिथे खाटेवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. कुरडया सरकवून त्यांनी एकेक पान पसरलं. अक्षरं काही ठिकाणी दिसत होती, काही ठिकाणी नव्हती. मी तिथेच बसून रडले, अगदी लहान पोरीसारखी. म्हटलं, "राहू द्या काकू. नाही होत माह्याच्यानं. पुढच्या वर्षी पाहीन." काकू पलीकडच्या कुरडया उलटवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोळशाचा तुकडा घेऊन आल्या. पश्चिमेच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या, कूलरच्या मापाची दोरी धरली आणि भिंतीवर एक चौकोन काढला. पांढऱ्या स्वच्छ भिंतीवर काळा चौकोन. मागून मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आत आला. मला क्षणभर काही समजलंच नाही.

"काकू, हे काय करून राहिल्या तुमी?"

"भिंत फोडून राहिलो. कूलर इथून लावू. खिडकी तुही तुले."

"पण तुमची भिंत..."

"भिंत पुन्हा बांधता येते वं. मी बांधली, मले मालूम हाये. तुह्यं हे मोडलं त कोणता मिस्त्री बांधून देईन?"

मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी मला गहू पाखडायला बसवलं, म्हणजे मी मध्ये येऊ नये. पण स्वतःला त्यांना बसवता येईना. पहिला घाव पडला तशी त्या म्हणाल्या, "हळू रे." दुसऱ्याला, "अरे हळू!" तिसऱ्याला त्यांनी डोळेच मिटले. मिस्त्री हसायला लागला, "काकू, घाव भिंतीले बसून राहिला, तुमाले नाही." काकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्यालाच दटावलं, "धूळ गेली डोयात. तू तुह्यं काम कर." ती धूळ नव्हती हे आम्हा तिघांनाही कळत होतं. माझ्यावर आजवर अनेकांनी माया केली आहे. पण माझ्या कामासाठी कुणी आपला अभिमान फोडायला काढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुपारपर्यंत कूलर घराशेजारच्या बोळातून भोकात बसला. कडेने काकूंनी सिमेंट नीट भरून घेतलं, त्यावर तीन आठवडे पाणी मारलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "बिनखिळ्याच्या घराले भगदाड पडलं वाटते," एकीने टोमणा मारला. काकू शांतपणे म्हणाल्या, "पडलं नाही, पाडलं. आमची पोरगी लिहून राहिली." मी त्यांची पोरगी नव्हते, भाडेकरू होते. पण त्या वाक्यानंतर मला थांबायची सोय उरली नाही. भिजलेली वीस पानं आठवून आठवून पुन्हा लिहिली, आणि ती आधीपेक्षा बरी झाली. जून संपायला चार दिवस असताना मी शेवटचं पान लिहिलं, आणि चपला न घालता काकूंच्या खोलीत धावले.

"काकू, झालं!"

"सारं?"

"सारं."

काकूंनी हात धुतले, रवा भाजायला घेतला, शिरा केला. वाटी हातात देऊन त्या माझ्या मागोमाग खोलीत आल्या, खिडकीशी बसल्या, आणि टेबलावर तळवे ठेवून थोड्या लाजतच म्हणाल्या, "आता तुह्यं झालं. सकायी एक घंटा मले देशील का ही जागा? मले बी काही लिहायचं हाये."

"काय लिहता काकू?"

"सासूचं. ती होती तवा तोंड उघडता नाही आलं. आता सांगतो सारं."

त्यांच्यासाठी मी शंभरपानी वही आणली. महिनाभर आम्ही दोघींनी ती जागा वाटून वापरली. सकाळी त्या, संध्याकाळी मी, प्रकाशकांनी कळवलेल्या दुरुस्त्या करत. त्या लिहिताना ओठ हलवत आणि मधूनच स्वतःशी हसत. मग मला अकोल्याला कायमची नोकरी लागली. निघताना मी काकूंच्या पाया पडले. खोली आता कुणाला देणार, असं मी विचारलं. "देत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

माझी कादंबरी आली. तिची पहिली प्रत मी अमरावतीला नेऊन दिली, काकूंनी ती सगळ्या गल्लीत फिरवली. आता मी अकोल्यात पुन्हा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहते आणि दुसरी कादंबरी अर्ध्यावर आहे. अर्ध्यावर आहे म्हणजे पूर्ण होणार, हे आता मला माहीत आहे. मध्यंतरी फारच अडलं, म्हणून एका सकाळी मी काकूंना फोन लावला. बराच वेळ वाजला. त्यांनी उचलला तेव्हा मी आधी त्यांच्या लेखनाची चौकशी केली.

"अर्धी वही झाली," काकू म्हणाल्या, "अन् मी अजून लगनाच्या मांडवातच हावो. सासू त घरात आलीच नाही. दुसरी वही लागन."

मग मी माझं रडगाणं सुरू करणार, तेवढ्यात त्यांनीच मला तोडलं. आवाजात माया होती, पण घाई जास्त होती.

"हे पाय, राग नको मानू. पण सकायी सकायी फोन नको करत जाऊ बाई. लिहता लिहता उठा लागते."