फाळक्यावरचे डोळे

आमची पिकअप पांढरी आहे. पांढरी गाडी घेऊ नका, असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. मी घेतली, कारण पांढऱ्या रंगावर घाण लगेच दिसते आणि दिसलेली घाण मला धुता येते. सकाळी सातच्या आत, घराच्या सावलीत, पत्रा थंड असताना मी गाडी धुतो. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ आपोआप वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या घेतो, एकीत दहा लिटरला एक झाकण शॅम्पू आणि दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. फडका सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. चाकांचा फडका वेगळा, तो बॉनेटला कधीही लावायचा नाही. घरचे हसतात. हसू देत.

एवढं जपण्याचं खरं कारण गाडीच्या मागे होतं. मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या उघडझाप होणाऱ्या पत्र्यावर, माझ्या वडिलांनी काढलेला गणपती होता. वडील हमरापूरच्या कारखान्यांत आयुष्यभर मूर्तींचे डोळे आखत आले. बाकीचा रंग कोणीही द्यावा, डोळ्यांना मात्र त्यांना बोलवायचे. गाडी घेतली त्या वर्षी त्यांनी कारखान्यातलेच रंग आणून फाळका रंगवला आणि वर वॉर्निश मारलं. पुढच्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. त्यांनी आखलेली ती डोळ्यांची शेवटची जोडी. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण फाळका मी शेवटी धुवायचो, वेगळ्या मऊ फडक्याने, न दाबता.

अशी गाडी मी बहिणीच्या नवऱ्याला पाच दिवसांसाठी दिली. तो राहतो निडीला, धाटावला कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात शेती. पेंढा न्यायचाय, म्हणाला. पेंढ्याने गाडीला काही होत नाही, म्हणून दिली.

पाचव्या दिवशी दुपारी गाडी आमच्या पेणच्या घराच्या वळणावर आली तेव्हा मी अंगणात होतो. गाडीच्या आधी वास आला. अमोनियाचा, नाकातून सरळ डोक्यात जाणारा. मागून माश्या आल्या. वायपरमध्ये एक पांढरं पीस अडकलेलं होतं.

"दादा, चकाचक करून आणलीय!" तो उतरता उतरता म्हणाला. "आमच्या साहेबाची गाडी पण कोण एवढी धूत नाय."

"पेंढा होता ना?"

"दोन फेऱ्या पेंढाच होता. मग कलिंगडाला कोंबडीखत मिळत होतं, ते आणलं. चार फेऱ्या."

मी बॉनेटजवळ गेलो. ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात गोल गोल ओरखडे चमकत होते, एकात एक अडकलेले. वीतभर जागेतले मोजायला लागलो. एकशेबारानंतर सोडून दिलं.

"कशाने धुतलीत, भावोजी?"

"काथ्यानं, आत्ता दुपारीच. साबणाची पावडर टाकली, थोडी राख टाकली. तुमच्या बहिणीचे टोप बघा, आरसा हाय आरसा!"

"पाणी आधी मारलंत?"

"आधी घासली, मग पाणी. टोप कसे घासतात?"

भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर, कोरड्या धुळीसकट राख आणि नारळाचा काथ्या. मी मागे गेलो.

फाळका धुतलेलाच नव्हता. हौद्यातून गळलेलं खत त्यावरून ओघळून वाळलं होतं, हिरवट तपकिरी, भेगा पडलेलं, मध्ये पिसं चिकटलेली. बिजागऱ्यांत अळ्या वळवळत होत्या. गणपती कुठेच दिसत नव्हता. कपाळापासून पोटापर्यंत कोंबड्यांची विष्ठा.

"हे का ठेवलंत?"

"त्याच्यावर देव हाय ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. "देवाला काथ्या कसा लावायचा? पाप लागंल."

"आणि तोंडावर ही घाण राहिली ती चालते?"

त्याने कान खाजवला. "सुकलीय आता. वास नाय येत तेवढा."

वडील काठी टेकत बाहेर आले. त्यांनी फाळक्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "देवाला नैवेद्य लय लोकांनी दाखवलेला बघितलाय, जावईबापू. हा पहिल्यांदा बघतोय."

जावई गडबडला आणि आणखी वाईट काहीतरी करायला निघाला. अंगठ्याच्या नखाने एक खपली उचकटू लागला. खपलीबरोबर गुलाबी रंगाचा तुकडा निघाला. मी ओरडलोच.

"मग वॉशिंग सेंटरला नेऊ? जेट मारतील, दोन मिनिटांत साफ."

"जेटने रंगाची कड उचलली की सगळं पापुद्र्यासारखं निघेल. तुम्ही हात लावू नका. पाणी आणा."

वडिलांना खुर्ची आणून दिली. ते बसले आणि म्हणाले, "ओल दे आधी. घासू नको. आपोआप सुटंल तेवढंच काढ."

मी जुन्या सुती साडीचे तुकडे भिजवून फाळक्यावर पसरले आणि घड्याळ लावून वीस मिनिटं ओले ठेवले. ओल लागताच वाळलेला वास जिवंत झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडात आंबट पाणी सुटलं. ज्याने ती घाण आणली तो नाकाला रुमाल लावून फणसाखाली उभा. त्याला पाहून मला खतापेक्षा जास्त किळस आली.

"रुमाल काढा आणि बादली बदला," मी म्हणालो. त्याने काढला. एकूण एकोणीस बादल्या त्याने बदलल्या, हे मी त्याच्या खात्यावर चांगलं म्हणून धरतो. दुसरं काही धरण्यासारखं नव्हतं.

कपडा उचलायचा, घासायचा नाही. पहिल्या खेपेला वरचा थर सुटला. दुसऱ्या खेपेला कपड्यावर गुलाबी रंग उतरला, आणि सोंड जिथे होती तिथे पिवळट डाग राहिला. खताने वॉर्निश खाल्लं होतं. कान अर्धे गेले. माझा हात थांबला.

"डोळे?" वडिलांनी विचारलं. त्यांना खुर्चीवरून दिसत नव्हतं.

"अजून खाली आहेत."

"मग थांबतोस कशाला?"

तिसरा कपडा मी पंचवीस मिनिटं ठेवला. वरच्या कोपऱ्याला धरून हळू उचलला. आधी उजवा डोळा आला, मग डावा. काळी रेघ बारीक, न तुटलेली. बुबुळातला पांढरा ठिपकाही जागेवर. फिक्या, डागाळलेल्या, सोंड नसलेल्या चेहऱ्यातून दोन डोळे सरळ माझ्याकडे बघत होते.

"आहेत," मी म्हणालो. "दोन्ही."

"असणारच," वडील म्हणाले. "तिथं वॉर्निशचे दोन हात जास्त दिलेले. लोकं पाया पडतात पायाशी, पण बोट डोळ्यालाच लावतात." मग म्हणाले, "सोंड कोणीपण काढील."

त्या संध्याकाळी मी चार वेळा साबणाने हात धुतले आणि तरी जेवणाचा पहिला घास तोंडाशी नेल्यावर तो वास आला. ताट तसंच सारलं.

बॉनेटवरचे ओरखडे पॉलिशने कमी होतील, असं सगळे सांगतात. पॉलिशने ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीपर्यंत खरवडतात. एकाच्या चुकीसाठी मी अख्ख्या बॉनेटचा रंग पातळ करणार नाही. ओरखडे राहतील. ऊन पडलं की दिसतील.

पुढच्याच रविवारी बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. "दादा, गाडी पायजे होती. या वेळी खरंच फक्त पेंढा हाय."

"गाडीला फाळका नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. आदल्या दिवशी मी दोन्ही खिळी काढून फाळका उतरवला होता. भंगारवाल्याकडचा साधा पत्र्याचा फाळका तेव्हा अजून बसवायचा होता. वडिलांनी रंगवलेला फाळका आता पडवीत भिंतीला टेकून उभा आहे, त्यांच्या खाटेसमोर. सोंड अजून कोणी काढलेली नाही. हवा दमट असली की बिजागऱ्यांतून तो वास अजून येतो, आणि मी बादली घेऊन पुन्हा पडवीत बसतो.