शेवटचं पान उद्या

भाईंदरहून बस पकडून पंचशीला रोज उत्तनपलीकडच्या चौक गावी येई, कोळ्यांच्या मुलांची बालवाडी घ्यायला. मूळची मराठवाड्याची. समुद्राशी तिचा संबंध बसच्या खिडकीपुरता. पण पोरांना कसं बांधून ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. चित्रांचं पुस्तक वाचताना ती शेवटच्या पानाआधी थांबे आणि पुस्तक मिटून टाकी. "शेवटचं पान उद्या!" मग काय, दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला.

सेलिनाची आई रोझी तर एकदा भांडायलाच आली होती. "बाई, काय जादू केलीय तुमी? अंगात ताप हाय, तरी सेलिना घरात ऱ्हायला तयार न्हाय. म्हणते, कोंब आला का बघायचाय."

मागून तिचा नवरा ॲग्नेल हसत म्हणाला, "मलापन सांगा ना बाई. आला का?"

ते पुस्तक धीर शिकवणारं होतं. एक मुलगी आंब्याची कोय पेरते, सगळे तिला हसतात, ती वाट बघते. शेवटच्या पानावर तांबूस कोंब. "वाट बघितली की काय होतं?" पंचशीला विचारी. "येतं!" पोरं ओरडत. पाच वर्षांच्या सेलिनाचा आवाज सगळ्यांत मोठा.

दिवाळीनंतर ॲग्नेलची बोट उलटली. बाकीचे वाचले, तो सापडलाच नाही. शोध थांबला, चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना ठरली, आणि रोझी पुन्हा बालवाडीच्या दारात उभी राहिली. भांडायला नव्हे.

"पोरगी जेवत न्हाय, बाई. पप्पाबरोबर जेवीन म्हणते. माझ्याकडून त्याची थाळीपन मांडून घेते. मी सांगितलं, फादरनी सांगितलं. तर म्हणते, शेवटचं पान उद्या असतंय. तुमी शिकवलंय ना? आता तुमीच उतरवा."

सेलिना किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली बसली होती. वाटेत पंचशीलाने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. देवाघरी गेले म्हणावं, तर ही विचारणार, परत कधी येणार? तारा झाले म्हणावं, तर रोज वर बघत बसेल.

"सेलिना, पप्पा मेले. ते येणार नाहीत."

"उद्या?"

"उद्यापण नाही. कधीच नाही."

"मी खूप वाट बघितली तर?"

"तरी नाही, बाळा."

सेलिनाने तिच्याकडे रोखून बघितलं. "मग तुमी खोटं शिकवलं?"

कोय वेगळी, माणूस वेगळं, हे पंचशीलाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "हो. चुकीचं शिकवलं मी."

सेलिना उठली, फ्रॉकची वाळू झटकली आणि चालू लागली. पंचशीलाने पुढे केलेला हात तिने धरला नाही.

घरी ती मान खाली घालून जेवली. भात, कालवण, सगळं. रोझी तिच्या घासाघासाकडे बघत होती. मग शेजारी मांडलेली ॲग्नेलची रिकामी थाळी उचलायला ती वाकली आणि तशीच थांबली. तिची बोटं थाळीच्या काठावरून फिरत राहिली.

"आजच्या दिवस ऱ्हाव दे," ती पुटपुटली.



सेलिनाने पाण्याचा घोट घेतला, तोंड पुसलं. "उचल, मम्मी," ती म्हणाली. "पप्पा न्हाय यायचा."